या हंगामात एकानं घरी थांबा

अंबाजोगाई,
पोळ्याचा दुसरा दिवस

प्रिय भाऊ,



फोनवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर लिहूनच द्यावं असं ठरवलं. फोनवर तू निम्मं ऐकतोस आणि निम्म्यावर तापतोस. पत्र हाताशी राहील, दोनदा वाचता येईल. पोराच्या आईलाही वाचून दाखव, कारण यातलं अर्धं तिच्यासाठी आहे.

पोराचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे पोलीस प्रकरणात सापडलेल्या लेकराचं नाव, पत्ता, शाळा, फोटो जाहीर करायला बंदी आहे. गावातल्या कुठल्याशा व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो फिरतोय म्हणालास. ज्यानं टाकला त्याच्याशी भांडू नकोस. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, एवढं शांतपणे त्याच्या कानावर घाल, म्हणजे तो आपण होऊन काढून टाकील.

आता मुद्द्यावर येते. तुझ्या मनात दोन बेत आहेत. एक, कुणीतरी सांगितलेल्या लांबच्या केंद्रात त्याला सहा महिने टाकायचं, जिथं फोनसुद्धा करू देत नाहीत आणि पोरगं ‘सरळ करून’ परत देतात. दुसरा, त्याला सोबत ऊसतोडीला न्यायचं, म्हणजे डोळ्यांसमोर राहील आणि कष्टानं वठणीवर येईल. दोन्ही बेत तू मायेपोटीच केलेस हे मला कळतं. तरीही दोन्हींना माझं उत्तर नाही असंच आहे, आणि का ते नीट सांगते. मी सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक म्हणून उभी नोकरी काढली. व्यसनाचे पेशंट आणि त्यांच्या घरची माणसं यांच्याशी बोलणं हेच माझं रोजचं काम होतं. त्या अनुभवाच्या जोरावर लिहितेय, नुसत्या आक्काच्या अधिकारानं नाही.

आधी कायद्याचं. पोरगं सोळा वर्षांचं आहे, त्यामुळे सगळं २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं चालेल. त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरली ही साधी चोरी. या कायद्यात ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा असते तो किरकोळ समजतात. प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जाईल. तिथं एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्या दोघांत एक तरी बाई असावीच लागते. परिवीक्षा अधिकारी तुमच्या घरी येऊन घरची सगळी परिस्थिती लिहून नेतील आणि तो अहवाल मंडळ वाचील. म्हणून त्यांच्यापासून काही लपवू नका. तुमच्या दोघांच्या ऊसतोडीचं आणि तुझ्या पिण्याचंसुद्धा खरं सांगा. वकिलाला पैसे नाहीत म्हणून घाबरू नकोस, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मुलांना वकील फुकट देतं. आणि पोलीस भरतीचं जे तुला वाटतंय, की आता त्याचा जन्माचा रस्ता बंद झाला, तेही मनातून काढ. अशा प्रकरणाचा डाग पुढं नोकरीच्या आड येऊ नये अशी तरतूद याच कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे.

मंडळ काय काय आदेश देऊ शकतं ते कलम १८ मध्ये आहे. समज देऊन घरी सोडता येतं, तेही आई-बापासकट समुपदेशन करून. समाजोपयोगी काम देता येतं. चांगल्या वागणुकीच्या हमीवर आई-बापाच्या ताब्यात देता येतं, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. शाळेत जा, व्यसनमुक्तीचे उपचार घे, अमक्या ठिकाणी फिरकू नको, असंही त्यात जोडता येतं. मुलाला घरापासून तोडून संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय असावा, हे या कायद्याचं तत्त्वच आहे. मला वाटतं आपल्या पोराच्या बाबतीत हमीवर घरी, असाच आदेश होईल.

आता त्या हमीपत्राचा विचार कर. त्यावर सही तुझी. पोराला चांगल्या वळणावर ठेवीन, असं तू लिहून देणार. आणि दिवाळी झाली की तू आणि त्याची आई कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात असणार. मग ती हमी पाळायची कुणी? आपल्या आईनं? तिला रात्री दिसत नाही. पोरगं कधी उठून गेलं आणि कधी येऊन निजलं हे तिला कळत नाही. गेल्या दोन हंगामांत नेमकं तेच झालं. तू म्हणतोस पोरगं बिघडलं. मला तारीख सांग, कधी बिघडलं? तुम्ही फडात असताना शाळेत जायचं थांबलं. तुम्ही फडात असतानाच पंक्चरच्या दुकानातलं सोल्युशन फडक्यात घेऊन हुंगायला शिकलं, आणि तिथल्याच पोरांकडून ‘बटन’ म्हणतात त्या झोपेच्या गोळ्याही मिळायला लागल्या. तुम्ही चैत्रात परत आलात तेव्हा घरात एक वेगळंच पोरगं होतं.

हा दोष तुझा आहे असं मी म्हणत नाही. मी शिकले कारण मला आत्यानं ठेवून घेतलं. तुला बाबा फडात घेऊन गेले. बीड जिल्ह्यातून लाखो माणसं दर साल कोयता घेऊन निघतात, आणि प्रत्येक गावात मागं म्हाताऱ्या माणसांच्या भरवशावर लेकरं उरतात. या जिल्ह्याचं दुखणं तुझ्या एकट्याच्या माथी मारायचं नाही. पण या लेकराच्या उपचाराची सुरुवात जिथून होऊ शकते ती जागा तुझ्या हातात आहे, म्हणून तुला लिहितेय.

तू म्हणशील, उपचार पोराला हवा, आम्हाला कशाला? काल पोळा होता. बैलाचा खांदा सुजला तर तू आधी जू तपासतोस. हेही तसंच बघ. नशा करून चोरीच्या वाटेला लागलेल्या पोरांवर जगात जे उपचार खरोखर लागू पडले आहेत, त्यांतले बरेचसे अख्ख्या घराला सोबत घेऊन केलेले आहेत. अमेरिकेत हॉवर्ड लिडल यांनी १९८५ पासून अशी एक पद्धत बसवली. त्यात समुपदेशक पोराशी एकट्याशी बोलतो, आई-बापाशी वेगळं बोलतो, मग सगळ्यांना एकत्र बसवतो, आणि शाळा, कोर्ट, पोराचे दोस्त या बाहेरच्या जगाकडंही स्वतः जातो. या चारही बाजू एकदमच हलवायच्या, ही त्यातली गोम. दुसरी पद्धत दक्षिण कॅरोलिनातल्या स्कॉट हेंगलर यांची. तिथला माणूस एका वेळी चार ते सहाच घरं हातात घेतो, तीन ते पाच महिने त्या घरी जात राहतो, आणि रात्री-अपरात्री फोन केला तरी उचलतो. मिसुरी राज्यात १७६ पोरांवर ती तपासली. सगळी पोलिसांच्या हाती लागलेली. चार वर्षांनी पाहिलं, तर ज्यांच्या घरासकट काम झालं त्यांतली २६ टक्के पुन्हा पकडली गेली होती, आणि ज्यांना नुसतं एकेकट्याला समुपदेशन दिलं त्यांतली ७१ टक्के.

हे सगळीकडं इतकं झकास जमतं असं नाही, आणि तुला खोटी आशा लावायची माझी इच्छा नाही. इंग्लंडमध्ये ६८४ कुटुंबांत हीच पद्धत वापरून पाहिली, त्याचा निकाल २०१८ मध्ये आला. दीड वर्षानंतर तिथल्या नेहमीच्या सरकारी मदतीपेक्षा तिचा वेगळा फायदा दिसला नाही. त्याचा अर्थ मी असा लावते, की जिथं शाळा, समाजसेवक, दवाखाना आधीच घरापर्यंत पोचतात तिथं वेगळ्या नावानं तेच केलं तर फार फरक पडायचा नाही. आपल्या गावात, धर्मापुरीत, तसं काहीच पोचत नाही. इथं घरात एक समजूतदार माणूस रोज संध्याकाळी हजर असला तरी फार मोठा फरक पडेल.

लांब डांबून ठेवण्याच्या विरोधात मी का आहे तेही ऐक. अमेरिकेतच मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली ५०६ पोरांवर एक मोठा प्रयोग सुरू झाला. वाईट वळणाला लागू शकणाऱ्या पोरांतल्या निम्म्यांना वर्षानुवर्षं मार्गदर्शन, शिकवणी, उन्हाळी शिबिरं, सगळं दिलं. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड नावाच्या बाईंनी त्या सगळ्यांचा माग काढला, तेव्हा मदत मिळालेल्यांचीच गत जास्त वाईट निघाली. त्यातही ज्यांना पुन्हा पुन्हा शिबिराला पाठवलं होतं त्यांची सगळ्यांत वाईट. पोरं एकत्र आली की एकमेकांना शिकवतात, आणि मोठ्यांनी शिकवलेल्यापेक्षा ते जास्त पक्कं बसतं. आपल्या पोराला सोल्युशन आणि गोळ्या ठाऊक आहेत. त्या केंद्रातून तो आणखी काय शिकून येईल ते तू आणि मी सांगू शकत नाही. शिवाय तो परत येणार कुठं? त्याच घरी, त्याच पारावर, त्याच रिकाम्या हंगामात.

चांगलं केंद्र कसं असतं ते मला ठाऊक आहे. पुण्याचं मुक्तांगण २९ ऑगस्ट १९८६ ला सुरू झालं. डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्याला पैशाचं बळ दिलं. तिथं पेशंटबरोबर घरच्यांनाही बोलावून बसवतात, पेशंटच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट चालतो. त्याही आधी, १९५० च्या दशकात, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून पेशंटजवळ राहू दिलं आणि पेशंट लवकर बरे होऊन घरी जायला लागले. जे केंद्र घरच्यांना सहा महिने फाटकाच्या आत घेत नाही, त्याला काय लपवायचंय हे आधी विचार. पुढं कधी डॉक्टरांनी भरती करायला सांगितलंच, तर आपण घरच्यांना सोबत घेणाऱ्या ठिकाणीच जाऊ.

आणि फडात नेण्याचं म्हणशील, तर तिथल्या कोप्यांमागं संध्याकाळी काय चालतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तू स्वतःच प्यायला कुठं शिकलास, भाऊ?

आता घरात काय करायचं ते सांगते.

सगळ्यांत आधी दवाखाना. त्याला एकदा इथल्या ‘स्वाराती’ दवाखान्याच्या मनोविकार विभागात घेऊन या. किती गोळ्या घेतो, कधीपासून घेतो ते त्याच्याकडून डॉक्टरांना सांगू दे. गोळ्या आपल्या मनानं एकदम बंद करायला लावू नकोस. महिनोन्‌महिने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या झटक्यात तोडल्या तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. त्या डॉक्टरच हळूहळू उतरवतात. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. तो सोल्युशन हुंगताना दिसला तर काठी घेऊन मागं लागू नकोस, एकदम ओरडू नकोस. हुंगलेल्या अवस्थेत माणूस दचकला किंवा जिवाच्या आकांतानं पळाला तर हृदयाचा ठोका बिघडून जागीच जाऊ शकतो. शांतपणे जवळ जा, फडकं काढून घे, मोकळ्या हवेत बसव, शुद्धीवर येईपर्यंत सोबत थांब. जे बोलायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. ओठांभोवतीचे फोड, बाहीला सोल्युशनचे वाळलेले डाग, कपड्यांचा उग्र वास, या खुणा पोराच्या आईला दाखवून ठेव. दिल्लीच्या एम्सनं देशभर केलेली पाहणी २०१९ मध्ये आली. त्यात हुंगण्याचं व्यसन हे एकच असं निघालं की जे मोठ्यांपेक्षा लेकरांत जास्त आहे, लेकरांत १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. स्वस्त असतं, टपरीवर मिळतं, आणि तोंडाला दारूचा वास येत नाही म्हणून घरच्यांना उशिरा कळतं.

मग घरातलं बोलणं. मी श्रावणात तुमच्याकडं दोन रात्री राहिले तेव्हा जेवताना काय होतं ते पाहिलं. तू ताटावर बसलास की पोरगं उठायचं. समोर सापडलं की तुझं सुरू, केबल, पोलीस, इज्जत, वीस हजार. ते मान खाली घालून ऐकायचं. तू हात धुवायला गेलास की त्याची आई पदराच्या गाठीतले पन्नास रुपये त्याच्या हातात कोंबायची आणि म्हणायची, बाबांना सांगू नको. आणि आपली आई सकाळी शेजारणीला सांगायची, आमचं लेकरू लई गुणाचं, दुसऱ्यांनी नादी लावलं. एका घरात तीन कायदे. पोरगं तिन्हींच्या मधून बरोबर वाट काढतं. तुम्ही तिघं आधी त्याच्या माघारी एकत्र बसा आणि मोजके नियम ठरवा. रोख पैसा कुणीच द्यायचा नाही. वही, कपडे, एसटीचं तिकीट जे हवं ते सोबत जाऊन घ्यायचं. दिवेलागणीला घरी. मोबाइल रात्री आईच्या उशाशी. नियम मोडला तर काय होईल ते आधीच सांगायचं, ते छोटं असावं आणि दर वेळी व्हावं. तू एक दिवस सोडून देतोस आणि चौथ्या दिवशी पट्ट्यानं मारतोस, त्यातून त्याला एवढंच कळतं की बापाचा राग पावसासारखा कधीही येतो.

आणि रोज थोडा वेळ त्याच्याशी असं बोल ज्यात केबलचा विषय निघणार नाही. तो लहान असताना केदारेश्वराच्या देवळाशी बाहेरून माणसं आली की हा पुढं पळायचा, भिंतीवरची शिल्पं एकेक करून दाखवायचा, मग किल्ल्यात नेऊन तटात बसवलेले जुने कोरीव दगड दाखवायचा. चालुक्यांच्या काळातलं देऊळ आहे, हे मला त्यानंच सांगितलं होतं, शाळेतल्या सरांकडून ऐकून. ते सर अजून तिथंच आहेत ना? त्यांना भेट. पोराला पुन्हा शाळेत घ्यायला त्यांचा शब्द कामी येईल, आणि ज्या माणसासमोर हे पोरगं कधीतरी हुशार होतं असा माणूस त्याला आता हवा आहे.

एक गोष्ट फक्त तुला, आणि रागावू नकोस. तू त्याला टपरीवर तंबाखू आणायला पाठवतोस. अठराच्या आतल्याला तंबाखू विकणं गुन्हा आहे. त्याला ती हातानं देणं त्याहून मोठा. कलम ७७ मध्ये दारू, तंबाखू, नशेचं काहीही लेकराला देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. म्हणजे ज्यानं त्याला त्या गोळ्या दिल्या त्याला हेच कलम लागतं, आणि ते नाव पोरानं सांगितलं तर मंडळापुढं सांगायला हवं. पण तुझ्या खिशात पुडी आणि रात्री तोंडाला देशीचा वास असताना तू त्याला काय सांगशील? तू त्याच्यासोबत दवाखान्यात येशील तेव्हा केसपेपर दोन काढूया, एक त्याचा, एक तुझा. तू सोडायला लागलास तर सांगायचं अर्धं तुला सांगावंच लागणार नाही.

आता उचलीचं. हे मी शेवटी ठेवलं कारण सगळं इथंच अडतंय. मुकादम गणपतीच्या आधी उचल घेऊन दारात येईल. यंदा जोडीची उचल घेऊ नकोस. एकानं जा, अर्ध्या कोयत्यावर, आणि एकानं घरी थांबा. कोणी थांबायचं ते तुम्ही दोघं ठरवा, पण मला विचारशील तर तू थांब. पोराला आत्ता तुझी गरज आहे, आणि मंडळापुढं दर तारखेला तू उभा राहिलास तर फरक पडेल. पोराच्या आईचा भाऊ आणि भावजय एकाच टोळीत जातात, तिला त्यांच्यासोबत जाता येईल. बाई एकटी फडात गेली म्हणून गाव बोलेल. गाव आत्ताही बोलतंच आहे. तिला मनापासून जायचं नसेल, तर ती थांबेल आणि तू जा, पण मग आठवड्यातून एकदा तरी पोराशी फोनवर बोलायचं आणि मंडळाच्या तारखेला यायचं, हे मुकादमाला आधीच सांगून ठेव. गेल्या सालची फिटायची उचल अंगावर आहे हे मला माहीत आहे. ती किती राहिली ते नीट मांडून मला सांग. माझ्या पेन्शनीतून दर महिन्याला जे जमेल ते मी देईन, आणि ते तुला परत करायचं नाही. बाबांनी तुझ्या वाट्याचं शिक्षण मला दिलं, असं मी आजवर कधी बोलले नव्हते. आता बोलते.

तू घरी राहिलास तर इकडं कामं आहेत. सोयाबीनच्या राशी, हरभऱ्याची पेरणी, गावात मजुरी. ऊसतोडीइतका पैसा नाही मिळणार. त्या तुटीची झळ घरातल्या सगळ्यांना बसेल, पोरालाही बसेल, आणि बसू दे. बाप आपल्यासाठी घरी थांबलाय हे त्याला सांगू नकोस, ते त्याला दिसेल.

ज्याची केबल गेली त्या शेतकऱ्याकडं तुम्हा दोघांना जायचंच आहे, पण घाईनं जाऊ नका. तक्रारदारावर दबाव आणला असा अर्थ निघू शकतो. परिवीक्षा अधिकाऱ्यांना विचारा, त्यांच्या मार्फत जा. नुकसानीचे पैसे तू एकरकमी फेकून मोकळा होऊ नकोस. पोरानं कमवून थोडे थोडे द्यावेत असं ठरलं तर फार बरं. त्या माणसाची विहीर ऐन पेरणीत आठ दिवस बंद होती, ते पोराला त्याच्या तोंडून ऐकू दे.

तो पुन्हा घेईल. एकदा तरी घेईलच असं धरून चाल. तेव्हा सगळं फुकट गेलं असं म्हणून हात झटकू नकोस, आणि पट्टाही काढू नकोस. कुठं, कुणासोबत, किती वाजता, त्याच्या आधी घरात काय झालं होतं, हे शांतपणे विचार आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना सांग. मी फोनवर नसले आणि सुचेनासं झालं तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे, फुकट लागतो. मुलांसाठीचा १०९८ आहे. दोन्ही नंबर चुलीवरच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेव.

मी पुढच्या आठवड्यात येते आणि आईजवळ राहते. मुकादम आला तर त्याला माझ्यासमोर बसव, आकडा तोवर बोलू नकोस. मंडळाची तारीख कळली की लगेच कळव. जाताना शाळेचा मूळ दाखला सोबत ने. वय त्यावरूनच आधी ठरतं, आणि तो नसला की विनाकारण हेलपाटे होतात. दाखला सापडत नसेल तर आईच्या पत्र्याच्या पेटीत, माझ्या जुन्या सर्टिफिकेटांखाली बघ.

पोराला आणि त्याच्या आईला आशीर्वाद. आईला नमस्कार.

तुझी
आक्का